शांतव्वाला पुढचं सांगायचं नाही

मिशनऱ्यांबद्दल आणि बायबलच्या भाषांतराबद्दल काय वाचावं, असं विचारत आमच्या ऑफिसात अधूनमधून कुणी ना कुणी येतं. कुणी पीएच.डी. करत असतं, कुणी पास्टर असतो, कुणाला नुसतीच हौस. त्यांना पुस्तकं काढून देणं हे माझं काम. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई. घरी बसले असते तर सुनेच्या डोक्यावर मिरे वाटले असते, म्हणून इथे येते. भिंतभर कपाट आहे. त्यात गोऱ्या साहेबांची चरित्रं आहेत, बोटीतून उतरल्यापासून कबरीत जाईपर्यंतची. त्यांच्या मडमांची पत्रं आहेत. साहेबाला मराठी शिकवणाऱ्या पंडिताचं नाव बहुतेक तळटीपेत असतं, तेही असलं तर. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी तळटीपा वाचा आणि मग वरचं वाचा. पण ज्यांच्या कानांवर हे भाषांतर घासून बघितलं जातं, त्यांचं नाव तळटीपेतही सापडत नाही. तेव्हा शांतव्वाबद्दल मलाच लिहायला हवं.

मराठीत बायबल येऊन दोनशे वर्षं होऊन गेली. ते आहे पुस्तकी मराठीत. आमचं काम वेगळं आहे. कोल्हापूरपासून खाली कर्नाटकाच्या शिवेपर्यंत लोक जसं बोलतात, निम्मं मराठी आणि वर कानडीची फोडणी, तसं ते मोबाइलवर ऐकता यावं म्हणून आम्ही खपतो. आम्ही म्हणजे भाषांतर करणारे राजवर्धन सर, रेकॉर्डिंग बघणारी स्नेहल आणि वाचून दाखवणारी मी.

भाषांतर जमलं की नाही, हे करणाऱ्याला कधीच कळत नाही. प्रत्येकाला आपला तो बाब्याच वाटतो. म्हणून ऐकणारं एक माणूस लागतं आणि त्याला अट एकच, त्यानं ती गोष्ट आधी ऐकलेली नसावी. ख्रिस्ती माणूस चालत नाही. आम्हाला लहानपणापासून सगळं पाठ. समोरचा चुकीचं वाचत असला तरी आम्हाला बरोबरच ऐकू येतं. माणूस कोरं लागतं. त्याला एक उतारा वाचून दाखवायचा, ‘आता तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. मान डोलवायची नाही, चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही. सांगताना जे गळलं, जे उलटंपालटं झालं, ती आमची चूक. आणि पुढचं काही म्हणजे काही सांगायचं नाही. सांगितलं की ते माणूस त्या भागापुरतं वाया गेलं.

शांतव्वा आम्हाला खालच्या पिठाच्या गिरणीत सापडली. आमच्या खिडकीखाली बाळासोची गिरणी आहे. एके दिवशी तिथून खणखणीत आवाज आला, “गिरनीच्या पोटात बेसन ठिवून माझा शाळू घातलास व्हय रं? आता ह्या पिठाची भाकरी थापू का भजी तळू?” राजवर्धन सर उठून खिडकीशी गेले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. “बाई,” ते म्हणाले, “हीच बोली. ह्यांना सोडू नका.” मी चप्पल न घालताच खाली धावले.

ती मूळची कबनूरची. लिंगायत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. नवरा गुरुसिद्ध घराला लागूनच माग चालवायचा, ही कांड्या भरायची. उभा जन्म मागांच्या खडखडाटात गेला, त्यामुळे बोलणं सगळं वरच्या पट्टीत, आणि त्या भागातल्या बायकांसारखं ‘मी आलो, मी गेलो’. नवरा गेला, माग भंगारात गेले आणि मुलानं, सोमशेखरनं, तिला कोल्हापुरात आणलं. कळंब्याच्या बाजूला त्याचा फ्लॅट, मोटारपंपांचं दुकान. घरात सून सौंदर्या आणि नात शांभवी. सगळी भली माणसं, हे मी मुद्दाम सांगते, कारण अडचण तीच होती. वाईट माणसांशी भांडता तरी येतं. इथे हात पुढे केला की “तुम्ही बसा अव्वा.” भांडी घासायला यंत्र, कपडे धुवायला यंत्र. “तुम्ही बसा अव्वा.” गॅलरीला कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळी मारलेली. कबुतरं बाहेर, शांतव्वा आत.

एवढ्या वर्षांत तिनं भांडून राखलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे दळण. घरघंटीच्या पिठाची भाकरी तिच्या घशाखाली उतरायची नाही. तेव्हा पिशवी घेऊन केएमटीच्या बसनं गावात यायचं, बाळासोशी हुज्जत घालायची आणि परत जायचं. आम्ही भेटल्यावर त्यात एक जिना वाढला. शाळू खाली बाळासोकडं ठेवायची आणि वर यायची. असं पाच वर्षं चाललं.

पहिल्या दिवशी मी एक लहानसा उतारा वाचला. ऐकताना ती डोळे मिटून बसली होती, मला वाटलं डुलकी लागली. मग डोळे उघडून तिनं तो असा सांगितला की सगळं तिच्याच गल्लीत घडलंय. काही वाढवलं नाही आणि काही सांडलं नाही. जिथं आमची वाक्यरचना लंगडी होती तिथं ती बरोबर अडखळली. स्नेहलनं टेबलाखालून माझा हात दाबला.

एकदा मी तिला विचारलं, “शांतव्वा, तुम्हाला ह्यात काय गोडी वाटते?” ती म्हणाली, “बाई, घरात मी बोललो की टीव्हीचा आवाज वाढवत्यात. हितं मी बोललो की तुम्ही पंखा बंद करतासा.” रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर येते म्हणून आम्ही तो बंद करत असू. तिनं त्याचा अर्थ तिला हवा तसा घेतला होता, आणि विचार केला तर तो खोटाही नव्हता.

पण आमच्याकडंही तिला जाळी होतीच. उतारा संपला की ती विचारायची, “फुडं काय झालं?”

“सांगता येत नाही.”

“ठावं हाय न्हवं तुम्हास्नी?”

“ठाऊक आहे.”

“आन् सांगत न्हाईसा. तोंडचा घास काढून घेतासा की वो. कसली मानसं तुम्ही!”

सगळ्या गोष्टी तिला तुकड्यातुकड्यानं मिळाल्या, त्याही उलट्यासुलट्या. कुणाचं लग्न आधी, जन्म नंतर. कुणी तुरुंगात पडला तो सुटला की नाही, ते तिला कधी कळलं नाही, कारण सुटल्याचा भाग आम्ही दुसऱ्या गावात दुसऱ्या बाईला ऐकवला. तिला वाचता उत्तम यायचं. माझ्या कपाटाच्या काचेला नाक लावून ती उभी राहायची आणि मी कपाटाला कुलूप घालायची. राग यायचा तिला. एकदा जाताना म्हणाली, “तुमच्यापरीस ती गिरनी बरी. वरनं घातल्यालं समदं खाली येतंय तरी.”

मग आली दोन मुलांची गोष्ट. एका माणसाला दोन मुलगे असतात आणि धाकटा बाप जिवंत असतानाच आपली वाटणी मागून घेऊन घर सोडतो, ती. सरांचं भाषांतर निम्मंच झालं होतं. धाकटा परत येतो आणि बाप त्याला पोटाशी धरून मोठं जेवण घालतो, इथपर्यंत. पुढचा थोरल्याचा भाग अडला होता. मी वाचलं, तिनं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, “बाई, सुरवातीला दोन पोरं म्हनलासा. मग थोरला कुटं गेला?”

सरांना आनंद आवरेना, कारण ऐकणारीनं नेमकं पकडलं होतं. मी चेहरा दगडासारखा ठेवला. तिनं माझ्या चेहऱ्याकडं नीट बघून घेतलं. मग पिशवी उचलून खाली गेली.

त्याच सुमारास आमच्या मोठ्या ऑफिसातले एक साहेब आले. त्यांना शांतव्वाची साक्ष हवी होती, मोबाइलवर चित्रित केलेली. इतकी वर्षं देवाचं वचन ऐकते आहे, तर तिच्या आयुष्यात काय बदललं ते तिनं दोन शब्दांत सांगावं. बिचारे राजवर्धन सर मधल्यामध्ये सापडले. तिला त्यांनी फार अदबीनं विचारलं. ती म्हणाली, “मी काय सांगू? माझ्या मनात येकच हाय, मला फुडचं सांगा.” मग गळ्यातली डबी मुठीत धरली. “आन् ह्ये मी काढायची न्हाय. मग काय फोटू काढायचा त्यो काढा.”

साहेबांना मी स्पष्ट सांगितलं, “साहेब, ती ख्रिस्ती झाली तर आम्हाला दुसरी बाई शोधावी लागेल.” ते चकित होऊन म्हणाले, “बाई, मग आपण हे काम नेमकं कशासाठी करतोय?” मी चहा सांगायला उठले.

आणि मग पिठानं घात केला. घरी ती दळणाचंच कारण सांगायची, तेव्हा वर यायचं तर दळण हवं, दळण हवं तर शाळू हवा. शांतव्वा पिशवीमागून पिशवी दळत राहिली. चार माणसांचं घर, त्यात शांभवी भाकरीला शिवत नाही. डबे भरले, पातेली भरली, शेवटी पलंगाखाली पिठाच्या पिशव्या आल्या आणि त्यांत किडे झाले. सौंदर्यानं पलंग हलवला आणि डोक्याला हात लावला. पुढच्या खेपेला सोमशेखर आईच्या मागोमाग स्कूटरवरून आला आणि जिना चढून थेट आमच्या दारात. दारावर बायबल भाषांतराची पाटी आहे, ती त्यानं वाचली. आत आई हात मांडीवर ठेवून बसलेली, समोर माईक, आम्ही तिघं तिच्याकडं वाकलेलो.

“बाटवलासा माझ्या आईला!” तो ओरडला. खाली बाळासोनं गिरणी बंद केली, ऐकायला. त्यानं ऐकलं म्हणजे गावानं ऐकलं.

सोमशेखरनं तिला स्कूटरवर बसवून नेलं. तिचं येणं थांबलं. पण बोंब व्हायची ती झालीच होती आणि ती नेमकी इचलकरंजीला पोचली, जिथं शांभवीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा रुद्रेश, चांगला शिकलेला, आणि शांभवीनं स्वतःच पसंत केलेला. त्याच्या घरी सगळी सत्ता आजोबांची. त्यांना घरदार अण्णा म्हणायचं. अण्णांनी निरोप पाठवला, मुलीची आजी बाटली असं ऐकतोय, आधी त्याचा खुलासा करा.

आठवड्याभरानं सोमशेखर पुन्हा आमच्याकडं आला. ह्या खेपेला चप्पल दाराबाहेर काढून. “बाई,” तो म्हणाला, “रागाच्या भरात बोललो त्ये सोडा. तुम्ही येऊन सांगा त्यास्नी की आई बाटली न्हाय म्हनून. माझ्या पोरीचा प्रश्न हाय.” मी गेले. रविवारी चर्चमधूनच गेले, कारण दुसरा वेळ नव्हता. साडी पांढरी, हातात बायबलची पिशवी. शहाणपण म्हणतात ते मला जरा उशिराच सुचतं.

सोमशेखरच्या हॉलमध्ये इचलकरंजीचे पाहुणे बसले होते. अण्णा मधल्या खुर्चीत, डोक्याला पटका. शेंगापोळ्या तशाच ताटात, कुणी हात लावलेला नाही. शांतव्वा कोपऱ्यात स्टुलावर. मला बघून ती अर्धी उठली आणि सोमशेखरनं डोळे वटारल्यावर बसली. दाराच्या आड शांभवीच्या बांगड्या वाजत होत्या. त्या पोरीचा जीव किती टांगणीला लागला असेल, ते मला त्या आवाजावरून कळलं.

मी सांगितलं ते असं, “ह्या बाटलेल्या नाहीत. बाटल्या असत्या तर आम्हीच त्यांना काढलं असतं.”

सोमशेखरनं कपाळावर हात मारून घेतला. खरं तेच बोलले होते, पण त्या हॉलमध्ये ते थापेसारखं वाटलं, हे मलाही समजलं. बाटवणारे लोक न बाटलेल्या बाईला मुद्दाम तशीच सांभाळतात, हे कोण मानेल?

अण्णांनी माझा नाद सोडला आणि मान कोपऱ्याकडं वळवली. “शांतव्वा, तूच सांग. इतकी वर्सं तितं जाऊन करत काय हुतीस?”

“ऐकत हुतो. आन् ऐकल्यालं सांगत हुतो.”

“काय ऐकलंस? येक तरी सांग बघू.”

“अव्वा, ऱ्हाऊ दे,” सोमशेखर घाईनं म्हणाला. पण ‘सांगा’ म्हटलं की सांगायचं, हे तिच्या अंगात मुरलं होतं, आणि तो शब्द तिनं कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. ती ताठ बसली. हात मांडीवर ठेवले. “शांभवी,” ती म्हणाली, “पंखा बंद कर.”

नात आतून आली आणि तिनं पंखा बंद केला.

शांतव्वानं दोन मुलांची गोष्ट सांगितली. धाकट्यानं वाटणी मागितली, बापानं ती दिली, पोरगं मुलूख सोडून गेलं, होतं नव्हतं ते उधळलं, दुष्काळात पोटाला मुकलं. उपाशी पोरगं परत यायला निघालं तेव्हा बापापुढं काय बोलायचं ते वाटेत पाठ करत येत होतं, इथं तिचा आवाज खाली आला. बाप कसा लांबूनच ओळखतो आणि वय विसरून पळत सुटतो, ते सांगताना सौंदर्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. सोमशेखर आईकडं असं बघत होता की जणू ही बाई त्याला आजच दिसली. टीव्ही बंद होता. त्या घरात तिचं बोलणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं जात होतं. मला अभिमान वाटला आणि पाठोपाठ भीतीही वाटली, कारण इतकं आतून सांगणारी बाई बाटली नाही म्हणून आता कोण म्हणेल?

जेवणावळीपाशी ती थांबली. अण्णांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. त्यांचाही एक मुलगा वाटणी घेऊन गेलेला होता, हे मला नंतर कळलं.

“आन् थोरला?” अण्णा म्हणाले. “दोन पोरं म्हनलीस न्हवं? थोरल्याचं काय झालं?”

शांतव्वानं माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, “बाई, थोरल्याचं काय झालं वो?”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मला ती गोष्ट बालवाडीपासून पाठ आहे. पण मी सांगू लागले असते तर लग्नाच्या बैठकीत चर्चची बाई प्रवचन करते आहे असंच झालं असतं, आणि शांभवी दाराला धरून उभी होती. मी मान खाली घातली.

अण्णा हसले. मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. “सोमशेखर, अरे ही कसली बाटली? हिला अर्धीच गोष्ट ठावं हाय! बाटवनारा मानूस अर्ध्यात सोडतोय व्हय? आमच्या गावच्या ख्रिस्ती पोरास्नीबी ही गोष्ट शेवटापतोर येती. ह्या बाईला शेवट ठावं न्हाय. चला, पोळ्या वाढा.”

हॉलमध्ये एकदम आवाज झाला. कुणी पंखा लावला. शांभवी आत पळाली. पोळ्यांवर तूप आलं. आणि पहिला घास तोंडात घालता घालता अण्णा म्हणाले, “पर आता तितं जायाचं न्हाय. ह्या घरातनं तसली वाट नको.”

“न्हाय जायाची,” सोमशेखर म्हणाला. “शब्द देतो.”

तिला कुणी विचारलं नाही. ती स्टुलावर होती तशीच होती, हात मांडीवर. शेवट ठाऊक नाही म्हणून ती सुटली होती, आणि त्याच कारणानं आता तो तिला कधी ऐकायला मिळणार नव्हता. मला इतका संताप आला की पोळी ताटात तशीच ठेवली. कुणावर संतापायचं तेही कळेना. नातीचं लग्न जमलं, त्यात वाईट काय होतं?

मी निघाले तेव्हा ती लिफ्टपर्यंत पोचवायला आली. सोमशेखर उघड्या दारात उभा. “अव्वा, या आत,” असं दोनदा म्हणाला.

“बाई,” ती हळू बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, जे तिला कधी जमलं नाही, “आता मी तुमच्या कामाची न्हाय. आता सांगा.”

नियम आता उरला नव्हता. मी भरभर सांगितलं. थोरला शेतावरून येतो, घरात वाजंत्री ऐकतो, गडी सांगतात तुझा भाऊ आलाय. तो चिडतो. इतकी वर्षं मी राबलो, मला कधी कुणी असं जेवण घातलं नाही, म्हणतो, आणि आत जात नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. माझं जे आहे ते तुझंच आहे, म्हणतो.

तिचे डोळे भरून आले. “खरं हाय की त्येचं. राबल्याला कोन विचारतंय.” मग पदरानं नाक पुसलं. “बरं, फुडं? गेला का आत?”

“ते लिहिलेलं नाही, शांतव्वा.”

“म्हंजे?”

“गोष्ट तिथंच संपते. तो आत गेला का बाहेरच राहिला, ते शास्त्रात नाही.”

तिनं माझ्याकडं बघितलं. पाच वर्षं ज्या चेहऱ्यावर मी काही उमटू दिलं नव्हतं, त्या चेहऱ्यावर ती काहीतरी शोधत होती. “आता तरी नका वो असं करू बाई,” ती म्हणाली. “आता माझ्यावर कसली बंदी?”

“देवाशपथ सांगते. नाही लिहिलेलं.”

“अव्वा!” सोमशेखरनं पुन्हा हाक मारली.

“असू दे,” शांतव्वा म्हणाली. रागानंही नाही. माझ्या दंडावर हात ठेवला, आपण कामावरच्या माणसाला ठेवतो तसा. “तुमचं कामच हाय त्ये.”

ती आत गेली आणि दार लागलं. मी तिला पाच वर्षांत एकदाच पुढचं सांगितलं, सगळं सांगितलं, आणि तिला वाटतंय की मी ते राखून ठेवलं.